पिट्सबर्गऐवजी न्यू जर्सी

"मॅडम, इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचा असतो. तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं नीट करून द्या," मॅनेजर म्हणाले.

"अहो, लग्नापुरता भाड्याने आणायचा कोट आहे का हा?" मी विचारलं.

सबनीस सभ्यपणे हसले. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते आणि त्यांच्या टीममधल्या पंकजला स्वतः गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आले होते. पंकज शेजारच्या खुर्चीत बसून फरशीकडे बघत होता. महिनाभराने मुंबईला त्याचा अमेरिकेच्या व्हिसाचा इंटरव्ह्यू होता आणि तो तोतरं बोलायचा.

मी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे ज्यांचं बोलणं अडतं त्यांच्याबरोबर काम करणारी बाई. आता निवृत्त आहे. कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक होतं. सुरुवातीला उशिरा बोलणारी मुलं यायची, लकव्याने वाचा गेलेली म्हातारी माणसं यायची. मग पुण्यात आयटी कंपन्या आल्या आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले, उत्तम पगाराचे पेशंट येऊ लागले. ही मुलं लहानपणापासून अडखळत होती, पण मार्क चांगले असल्यामुळे घरात कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. कॉम्प्युटरही त्यांना बोलायला लावत नव्हता. भीती सुरू झाली ती परदेशातल्या क्लायंटचे फोन यायला लागल्यावर. सगळ्यात मोठी भीती व्हिसाच्या इंटरव्ह्यूची. काचेची खिडकी, मध्ये माइक, पलीकडे ऑफिसर आणि मागच्या रांगेला सगळं ऐकू येतंय. तिथे भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडते.

सबनीस बाहेर जाऊन बसल्यावर मी पंकजला नाव विचारलं. त्याने गळ्यातलं कंपनीचं आयडी कार्ड उचलून माझ्यासमोर धरलं. त्या काळी आयटीतली मुलं भाजी आणायलासुद्धा ते कार्ड गळ्यात घालून जायची आणि मला त्याची चीड यायची. या मुलाकडे मात्र कार्ड घालायला कारण होतं. स्वतःचं नाव बदलून दुसरं सांगता येत नाही, म्हणून आमच्या बहुतेक पेशंटना सगळ्यात जास्त तेच छळतं.

तोतरं बोलणं म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणणं, अशी लोकांची समजूत असते. पंकजचं तसं नव्हतं. त्याला ब्लॉक यायचा. 'प' म्हणायला ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आवाज मात्र शून्य. समोरचा माणूस घाबरून त्याच्या वतीने शब्द पुरवायचा आणि तो मान डोलवायचा. शब्द चुकीचा असला तरी डोलवायचा.

पण बाहेरच्या जगाला हे फारसं दिसत नसे, कारण अडणारा शब्द दोन शब्द आधीच ओळखून बदलण्यात तो पटाईत होता. आम्ही याला टाळणं म्हणतो. अकोल्याकडचा हा मुलगा, पोह्यांवर वाढलेला. ऑफिसच्या कँटीनमध्ये चार वर्षं उपमा खात होता, कारण पोहे मागता येत नसत. मित्राकडे जाताना पौड फाट्याला उतरायचा, पण तिकीट त्याच्या पुढच्या कोथरूड डेपोचं काढायचा. हे त्याने मला लाजत, कागदावर लिहून सांगितलं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

आणि कंपनी त्याला पाठवत होती पिट्सबर्गला. दैवसुद्धा कधीकधी मुद्दाम वागतं.

"घरी आणखी कोणाला आहे?" मी विचारलं. तोतरेपणा पुष्कळदा घरातून येतो.

वडिलांना होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तिथल्या आवाजात कोणी कोणाशी फार बोलत नाही, म्हणून नोकरी त्यांना मानवली होती. त्यांचाही 'प' अडायचा. मुलाचं नाव मामाने ठेवलेलं. वडिलांनी त्याला जन्मात पंकज म्हणून हाक मारली नव्हती, ते बाबू म्हणायचे. बापलेक फोनवर कधी बोलत नसत. आई मध्ये असायची, इकडचं तिकडे सांगायची.

"बाबांना खूप वाटतं मी जावं," तो म्हणाला. "त्यांच्यासारखा राहू नये असं."

हे वाक्य म्हणायला त्याला बराच वेळ लागला. मी मध्ये शब्द पुरवला नाही.

महिन्याभरात तोतरेपणा जात नाही. हे मी सबनीसांना सांगितलं, त्यालाही सांगितलं. करता येतं ते वेगळं. आपण अडखळतो हे आधीच सांगून टाकायचं, म्हणजे लपवण्याचं ओझं जातं. मग अडखळत का होईना, पण हवा तोच शब्द म्हणायचा. आम्ही एक वाक्य ठरवलं. खिडकीशी गेल्या गेल्या गुड मॉर्निंगनंतर म्हणायचं, "आय स्टॅमर. प्लीज गिव्ह मी अ मोमेंट." त्यातही 'प' होता. मी तो मुद्दाम ठेवला.

सराव क्लिनिकच्या खिडकीवर. मी आत गजांमागे, तो बाहेर जिन्याजवळ, म्हणजे येणारे-जाणारे ऐकणार. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू पिशवी घेऊन थांबल्या आणि हा मुलगा खिडकीशी इंग्रजीत काय मागतोय, असं मला विचारून गेल्या. व्हिसा, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मिळाला तर आम्हालाही सांगा.

व्हेअर विल यू वर्क, मी विचारायची. ओठ मिटायचे. मी थांबायची. मग कधीतरी दार उघडावं तसा 'पि' बाहेर पडायचा आणि मागोमाग उरलेलं गाव. तिसऱ्या आठवड्यात तो वारज्याच्या नाक्यावर टपरीवर पोहे मागून, खाऊन आला. अडखळलो, पण मिळाले, असं म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचे दात पाहिले.

इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी कंपनीने व्हिसाला जाणाऱ्या सगळ्यांना एका खोलीत बसवून ब्रीफिंग दिलं. ट्रॅव्हल डेस्कच्या बाईंनी सांगितलं, डोळ्याला डोळा भिडवा, थोडक्यात बोला आणि फंबल करू नका. अडखळलात तर ऑफिसरला वाटतं तुम्ही खोटं बोलताय.

संध्याकाळी पंकज आला तो पुन्हा फरशीकडे बघणारा पंकज होता.

"मॅडम, ते वाक्य नाही म्हणणार मी."

"का?"

"मेडिकल इश्यू कशाला सांगायचा, सबनीस सर म्हणाले. उगीच रिस्क."

मी सबनीसांना फोन लावला. ते समजूतदारपणे बोलले. म्हणाले, मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण तिथे इंप्रेशन महत्त्वाचं. शिवाय तो आता बराच फ्लुएंट वाटतो. मी म्हटलं, फ्लुएंट वाटतो म्हणजे तो शब्द बदलतोय. ते म्हणाले, मग बदलू दे ना, काम झाल्याशी कारण. मला इतका राग आला, की फोन ठेवल्यावर मी उगीचच टेबलावरच्या फाइली सरळ करत बसले. पंकजला पुन्हा समजावलं. त्याने मान डोलवली. तो चुकीच्या शब्दालाही तशीच डोलवायचा, हे मला ठाऊक होतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारी त्याचा एसएमएस आला. शेवटच्या प्रश्नापर्यंत एकदाही अडकलो नाही. पण व्हिसा नाही मिळाला.

मी तो दोनदा वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. काय झालं असेल ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो क्लिनिकवर आल्यावर मी बस म्हणायच्या आधीच विचारलं, "कोणता शब्द बदललास?"

त्याचे ओठ मिटले. बऱ्याच वेळाने त्याने नुसतीच मान हलवली.

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. रांगेत त्याच्या पुढच्या मुलाचं बोलणं घडाघडा झालं आणि त्याला व्हिसा मिळाला. पंकज खिडकीशी गेला. आमचं वाक्य म्हणाला नाही. शिक्षण, पगार, अनुभव, सगळं सफाईने सांगितलं. मग ऑफिसरने विचारलं, तिथे कुठे काम करणार. पंकजला ओठांशी तो 'प' येताना जाणवला. मागे माणसं होती, समोर काच होती आणि ब्रीफिंगमधल्या बाई कानात होत्या. तो म्हणाला, न्यू जर्सी. 'न' वर तो कधीच अडकत नसे आणि टीममधली निम्मी मुलं तिथेच तर होती.

ऑफिसरने कागद पाहिला. कंपनीच्या अर्जात पिट्सबर्ग लिहिलं होतं. आर यू शुअर, त्याने विचारलं.

आता टाळायला जागा नव्हती. पंकजने खरं सांगायला तोंड उघडलं आणि ब्लॉक आला. डोळे मिटलेले, मान ताठ, घाम. काचेपलीकडून कसं दिसलं असेल याची कल्पना करा. आधी चुकीचं उत्तर आणि ते पकडल्यावर तोंडातून अक्षर नाही. ऑफिसरने थोडा वेळ वाट पाहिली, मग एक रंगीत कागद सरकवला. माहिती जुळत नाही, पुन्हा तपासणी होईल, तोपर्यंत व्हिसा नाही, असा त्याचा अर्थ.

मी त्या ऑफिसरला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते आणि मला या आजाराचं काही ठाऊक नसतं, तर मीही हेच केलं असतं.

कंपनीने खुलाशाचं पत्र पाठवलं. मी तोतरेपणाचं सर्टिफिकेट दिलं. उत्तर येईना. क्लायंटचं काम थांबत नसतं. काही आठवड्यांनी सबनीसांनी दुसऱ्या मुलाला पाठवलं. मला फोन करून म्हणाले, "काय करणार मॅडम, पोरगा हुशार आहे, पण प्रेशर हँडल करत नाही." मी म्हटलं, "अहो, तो जन्मभर दुसरं काय करतोय?" मग क्लायंटचा कॉल आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी पंकज क्लिनिकवर आला. इतके दिवस त्याने घरी, म्हणजे आईला, फक्त कागद अडकलेत एवढंच सांगितलं होतं. आता खरं सांगायचं होतं आणि एकट्याने फोन करायची हिंमत होत नव्हती. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. आईने घेतला असता तर सोपं गेलं असतं. फोन वडिलांनी घेतला. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती.

पंकजने मोबाइल जवळ ओढला.

"बाबा," पंकज म्हणाला. मग थांबला. त्याला 'अमेरिका' म्हणता आलं असतं. 'तिकडं' म्हणता आलं असतं. त्याचे ओठ मिटले आणि मी बघत राहिले. शेजारच्या घरात टीव्हीवर बातम्या चालू होत्या. पलीकडे वडीलही थांबले होते. त्यांनी शब्द पुरवला नाही, 'हॅलो' केलं नाही, फोन कट झाला का असंही विचारलं नाही. एवढं थांबलेला माणूस मी माझ्या धंद्यात पाहिला नाही.

"पिट्सबर्ग... रद्द झालं," पंकज म्हणाला.



"म्या वर्कशॉपात सगळ्याइले सांगतलं व्हतं," वडील म्हणाले. मग ते अडले. ती शांतता मी ओळखली, मुलाची होती तशीच. "पिट्सबर्गले चालला म्हणून. डेपोतबी सांगतलं."

पंकजने हाताने डोळे झाकले. ज्या माणसाला आपल्या मुलाचं नाव घेता येत नव्हतं, तो गावभर, माणसामागून माणसाला थांबवून, हे नाव घेत फिरला होता.

"असू दे बाबू," वडील म्हणाले. "जेवला का तू?"

पंकज जेवलो म्हणाला. जेवला नव्हता. फोन ठेवून तो बराच वेळ बसून राहिला आणि मीही दिवा लावायला उठले नाही. पुढे वर्षभर त्याला पुन्हा कोणी ऑनसाइटला, म्हणजे परदेशी क्लायंटकडे, पाठवायचं नाव काढलं नाही. नंतर त्याने ती कंपनी सोडली आणि माझ्याकडे येणंही.

त्यानंतर व्हिसासाठी जो कोणी माझ्याकडे आला, त्याला मी पहिला प्रश्न एकच विचारायची, कोणता शब्द टाळायचा बेत आहे. त्या शब्दापासून काम सुरू करायचं. सफाई नंतर बघू, आणि आली नाही तरी चालेल.

पिट्सबर्ग हा शब्द फोनच्या त्या संध्याकाळी मी बापलेक दोघांच्याही तोंडून पूर्ण ऐकला. थेरपिस्ट म्हणून समाधान वाटायला हवं होतं. पण औषधाची उलटते तशी त्या शब्दाची वापरायची तारीख उलटून गेली होती.