सूर ओळखणारा मामा

मी नांदुऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, आणि खरं सांगायचं तर त्यातला एकच भाग मला मनापासून आवडतो: लिहिण्या-बोलण्याचा सूर. खोचक, तिरकस, लाडिक, तुसडा, आर्जवी, मिश्किल, कोरडा, खवचट. फळा भरून शब्द लिहितो आणि एकेक शब्द त्याच्या त्याच्या सुरात म्हणून दाखवतो. 'लाडिक'ला मागचे बाक खिदळतात. खिदळोत बापडे. खोचक आणि खवचट यांतला फरक सांगू शकणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच, अशी माझी ठाम समजूत आहे. ती अजून कुणी तपासलेली नाही.

घरी या विद्येला कवडीची किंमत नाही. बायको म्हणते, "भाजी कशी झाली ते सांगा नं, मी कोणत्या सुरात विचारलं ते काऊन सांगता?" पण वरवट बकालला, धाकट्या बहिणीकडे, माझा भाव वधारतो. कुणी लग्नात काही बोललं, कुणी फोनवर काही बोललं, की ती मला विचारते, "दादा, हे चांगल्यानं म्हटलं का वाकड्यानं?" मग मी डोळे मिटतो आणि निकाल देतो. डोळे मिटायची काही गरज नसते, पण बरं दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात भाचीला पुण्याचं स्थळ आलं. भाची खामगावला एका दवाखान्यात नर्स आहे. मंडळी येऊन पाहून गेली आणि नंतर चिडीचूप. बहिणीचा जीव टांगणीला लागला. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, हे स्थळ हातचं जाऊ नये एवढंच तिला वाटत होतं. आमच्याकडे एक रीत आहे. समोरून नकार येणार असं दिसलं, की आपणच आधी 'आमचं जमत नाही' असं कळवून मोकळं व्हायचं, म्हणजे पोरीला नापसंत केलं असं गावात होत नाही. आणि हा निरोप द्यायचा मामानं.

अशाच एका रविवारी मी तिथंच होतो, भाचीही सुट्टीवर घरी आली होती, आणि मुलाच्या आईचा फोन आला. बहिणीनं स्पीकर लावला. "मुलगी ठीक वाटली आम्हाला. बघू, घरी बोलून कळवते," बाई म्हणाल्या आणि फोन बंद.

ठीक! आमच्याकडे पसंत असलं की माणूस अंगणातूनच ओरडतो, "एक नंबर पोरगी हाये, लय भारी!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

"सूर कोरडा," मी म्हणालो. "थोडा तुटक. वरून सौजन्य, आतून उपेक्षा."

"म्हंजे?" भाऊजींनी विचारलं.

"म्हणजे नाही."

बहिणीनं पदर तोंडाला लावला. भाऊजी ताडकन उठले. "मंग आपूनच नाही म्हणून टाका, सर! लावा फोन. अन् जरा ठसक्यात बोला."

ठसका! माझी तर कळीच खुलली. संयत, पण करारी, असा सूर मी ठरवला. फोन लावला, तो स्पीकरवर ठेवून भाचीकडे धरायला दिला आणि पलीकडे वाजतोय तोवर घसा साफ करून रंगीत तालीम सुरू केली. "आम्हांस खेदानं कळवावं लागतं..." जमेना. पुन्हा, अजून वरच्या पट्टीत. तोवर पलीकडून फोन उचललेला होता.

"हॅलो? अहो, तिकडे भांडण चाललंय का?"

"नाही काकू," भाची म्हणाली. "ते माये मामा हायेत. मराठी शिकवतात."

मी हात पुढे केला. तिनं फोन दिला नाही. "काकू, मघाशी तुम्ही ठीक म्हटलं, ते हो हाये का नाही? इथं समदे घाबरून गेले."

पलीकडे बाई हसायलाच लागल्या. "अगं वेडे, ठीक म्हणजे छानच की! आमच्याकडे सुनेचं याहून जास्त कौतुक कुणी केलेलं नाही. ह्यांना मुहूर्ताचं विचारून कळवणार होते मी."

बहीण हसली, रडली, आणि साखर शोधायला आत पळाली. भाऊजी माझ्याकडे असे बघत राहिले, की त्या बघण्याला कोणतं विशेषण लावायचं हे मला तरी कुणी सांगायची गरज पडली नाही.

मी आपला इज्जत वाचवायला भाचीजवळ सरकलो. "काय गं, तुले कसं कळलं त्या बाईचं?"

"मले काय कळते मामा? मी विचारलं."

"अन् पोरगा? तुले पसंत हाये नं?"

"आता विचारता का?" म्हणून ती हसली, आणि एकदम तिच्या बोलण्याचा बांधच फुटला. पसंत होता हो तिला. तो पाहून गेला त्या दिवसापासून पसंत होता. आणि मी, तिचा सख्खा मामा, नकाराचा फोन तिच्याच हातात धरायला दिला होता.