लीनाला न वाचता येणारी वही

लीना, हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुला वाचता येणार नाही. तुझ्याबाबतीत मी पहिल्यापासून हेच केलं. आता सत्तरी ओलांडली, मुलाकडे इथेच बहरीनमध्ये, रिफाला राहते. लपवून काय मिळवायचंय?

तू इथलीच, हिद्द गावची. आजोबा मासेमारी करायचे, वडील बंदरात ड्रायव्हर, आणि घरातली पहिली पदवीधर तू. सरकारी कोट्यामुळे आमच्या शिपिंग एजन्सीत बहरिनी माणूस घेणं भाग पडलं, तेव्हा मॅनेजरने तुला माझ्या शेजारी बसवलं. "शुभदा, सहा महिन्यांत हिला तयार करा." तयार करा म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. माझा व्हिसा त्या खुर्चीला बांधलेला. खुर्ची गेली की खलास.

तू हसरी, पण जिभेला धार. "आंटी, अपने ही मुलुक में टमाटर लेने को हिंदी लगता है!" आम्ही सगळे हसायचो. आम्ही भारतीयच जास्त होतो ना!

शिकवलं मी तुला. पण कामाच्या खाचाखोचा माझ्या वहीत, मराठीत.

"इसमें क्या लिखा है?"

"खाने की रेसिपी," मी ठोकून दिलं.

फ्रिजच्या कंटेनरचे कागद जहाज लागायच्या आधीच कस्टम्सला पाठवायचे, हेही त्या वहीतच होतं. पाचव्या महिन्यात कोंबडीचा कंटेनर बंदरात अडकला, माल सडला. मॅनेजरने सगळ्यांसमोर तुला झाडलं. मग विचारलं, "शुभदाने शिकवलं नव्हतं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी स्क्रीनकडे.

"शिकवलं होतं. मीच विसरले."

महिनाअखेर तुला काढलं. कोट्यापुरतं कुणा बहरिन्याचं नाव कागदावर लावलं. "यांना कामच नको असतं," ऑफिसात सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तुझ्या खुर्चीत नाशिकचा मयुरेश आला आणि आठवड्यात तयार झाला. त्याला वही वाचता येत होती.

जाताना एवढंच मागितलंस, "आंटी, मॅनेजरकडून अनुभवाचं पत्र घेऊन ठेवा. दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे. बाबा गुरुवारी येऊन नेतील."

"इंशाल्ला."

"आमचं इंशाल्ला की तुमचं, टाळायचं?" तू हसलीस.

पत्र मागायचं तर चूक कुणाची, ते आधी सांगावं लागलं असतं. तुझे वडील दोन गुरुवार खाली पिक-अप लावून थांबले. मी वॉचमनकडून निरोप धाडला, मॅनेजर रजेवर आहेत. मॅनेजर आत चहा पीत होते.