भिंतीवरची टेलिफोनची डबी

रंगकाम करणाऱ्या सदूभाऊंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ही टेलिफोनची डबी काढून टाकू का? आता कोण वापरतंय!"

मी डबीकडे बघतच राहिलो. तिच्यातूनच एक वायर माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या मोडेमला जायची. तो किंचाळत, शिट्ट्या मारत कसाबसा जोडला जायचा आणि थोड्या वेळात तुटायचा. मी वायर बदलली, मोडेम उघडून पुन्हा बसवला, लाइनमनला दोनदा बोलावलं. "लाइन चोख आहे साहेब," तो म्हणाला.

एकदा फाइल उतरत असताना पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात आई तिथल्या जोडफोनचा रिसीव्हर कानाला लावून उभी!

"अगं, तू उचललास की माझं नेट तुटतं!"

ती ओशाळली. "फोन चालू आहे ना, एवढंच बघत होते रे. ताईचे दिवस भरलेत. तिकडून फोन आला आणि लागलाच नाही तर?"

ती दिवसातून चारदा असं बघायची आणि तो कर्कश आवाज ऐकून रिसीव्हर हळूच ठेवून द्यायची. इतके दिवस मी जिला बिघाड म्हणत होतो, ती आईची काळजी होती. माझ्यासाठीही असं कोण कोण, मला पत्ता लागू न देता, कान लावून गेलं असेल, देव जाणे. त्यांचे आभार तरी कसे मानायचे?

"डबी राहू द्या," मी सदूभाऊंना म्हटलं आणि मोबाइल काढला. आई हल्ली ताईकडे असते.

"काय रे, या वेळी?" तिनं घाबरून विचारलं.

"काही नाही गं. फोन चालू आहे ना, एवढंच बघत होतो."