मागचा वायपर आणि समोरचा खांब

खांब वकीलसाहेबांचा होता आणि तो मी पाडला, हे मला मान्य आहे. का पाडला, यावरून आमच्या घरात महिनाभर जे चाललं ते मात्र मला अजून मान्य नाही.

लखनौच्या जानकीपुरममधलं आमचं घर असं आहे की गाडी फाटकातून उलटीच बाहेर काढावी लागते, आणि रस्त्यापलीकडे बरोब्बर वकीलसाहेबांचं फाटक येतं. डिसेंबरचा कोहरा होता, म्हणजे इथलं दाट धुकं. मागची काच दवाने आणि धुळीने माखलेली, आणि मागचा वायपर दोन दिवसांपासून ढिम्म हलत नव्हता. मी रिव्हर्स घेतला आणि धाडकन् आवाज आला. त्यांच्या फाटकाच्या खांबाच्या वरच्या चार विटा आणि त्यांवरचा दिवा, सगळं खाली. वकीलसाहेब शाल सावरत बाहेर आले, विटांकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "मैडम, आपको चोट तो नहीं आई? खंभे का क्या है, वह तो बीस साल से वहीं खड़ा था." लखनौत शिवी अशी देतात. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणते. डोकं फिरलं की मनातल्या मनात एकेरीवर येते, आणि हे सगळं मनातलंच असल्यामुळे इथेही एकेरीच चालू दे. हा माणूस एका सरकारी कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त झाला. तेव्हापासून हुकूम सोडायला त्याला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. त्याने गाडीची किल्ली उचलली, शर्टाच्या खिशात टाकली आणि सांगितलं की तुला दिसत नाही, आधी डोळे दाखव, मग गाडी.

मला दिसत नाही! संशोधन संस्थेत सव्वीस वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते आहे. पेशीतला टाचणीच्या टोकाहून बारीक डाग मी दाखवते तेव्हा हाताखालच्या पोरांना दिसतो. आणि हा, ज्याला फ्रिजमधलं समोरचं दही सापडत नाही, तो माझ्या डोळ्यांत खोट काढतो. मुलीला फोन केला तर तिचीही तीच टेप. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "मम्मी, पापा गलत थोड़े बोल रहे हैं." मी फोन ठेवून दिला.

ती गाडी मला चैनीसाठी नको होती. नागपूर सोडून इथे आले तेव्हापासून मी स्कूटरवर कुणाच्या तरी मागे बसूनच हे शहर पाहिलं. पन्नाशीला आल्यावर, सगळे हसत असताना, गाडी शिकले. तेव्हा कुठे कुणाला न विचारता, कुणाची वाट न पाहता घराबाहेर पडू लागले. आता रोज सकाळी हा मला संस्थेच्या दारात नेऊन सोडायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा, शाळेतल्या पोरीसारखं. वर रस्ताभर, बघ ब्रेक कसा दाबायचा असतो. मी खिडकीबाहेर बघत दात आवळून बसायची.

शेवटी मी त्याला स्पष्ट सांगितलं, "वायपर बिघडला म्हणून खांब पडला. वायपर चालू झाला की किल्ली माझी. डोळ्यांचं नाव काढायचं नाही." तो बरं म्हणाला. असा काही म्हणाला की मला आणखीच राग आला.

त्याच्या जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी तेलीबागचा एक गाड्यांचा मिस्त्री सुचवला होता. शहराच्या या टोकावरून त्या टोकाला गेलो. मिस्त्रीने प्रश्न मी विचारले तरी उत्तरं नवऱ्याकडे बघून दिली. मी म्हटलं, आधी फ्यूज बघा, मग वायरला करंट येतो का ते बघा. तो नवऱ्याला म्हणाला, "सर, मोटर गई है." डिकी वर करून त्याने नवी मोटर बसवली, बटण दाबलं, वायपर टुणटुण फिरला. घरी येऊन बटण दाबलं, ढिम्म. नवरा हसला नाही, पण त्याचे खांदे हसत होते.

मग म्हटलं, जाऊ दे, मरो तो मिस्त्री, मीच बघते. संस्थेतून मल्टीमीटर मागून आणला. एक वही घेतली. आमच्या कामाची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, आणि दिसेल ते लिहायचं. रविवारी सकाळी डिकी उघडली, आतलं प्लास्टिकचं झाकण काढताना त्याच्या दोन खुंट्या तोडल्या, आणि मोटरच्या वायरला मीटर लावलं. बारा व्होल्ट. फ्यूज बदलून पुन्हा बघितलं. बारा. बटण साफ करून पुन्हा. बारा. दोन रविवार गेले, वहीत अकरा नोंदी झाल्या, अकराही वेळा करंट ठणठणीत, वायपर मजेत चालू. आणि झाकण लावून डिकी बंद केली की पुन्हा मेल्यासारखा. वकीलसाहेब गच्चीवर ऊन खात हे सगळं बघायचे आणि चहा पाठवू का विचारायचे. मी नको म्हणायची.

तिसऱ्या रविवारी वही चाळताना माझी मलाच लाज वाटली. एखाद्या विद्यार्थ्याने असलं काम आणलं असतं तर मी वही त्याच्या अंगावर फेकली असती. परिस्थिती जशीच्या तशी ठेवायच्या नादात मी अकराही वेळा डिकी उघडीच ठेवली होती. उघडी ठेवल्याशिवाय मला मीटर दिसत नव्हतं ना! गाडी काय डिकी उघडी टाकून चालवतात?

यावर उपाय एकच होता, आणि त्याला नवरा लागत होता. मागची सीट पाडून मी मीटर घेऊन डिकीत दुमडून बसले आणि त्याला म्हटलं, बंद करा. मग त्याने डिकी लावली, जरा जास्तच जोरात. बारा होते ते शून्य झाले.

पुढचं सोपं होतं. डिकीच्या बिजागरीपाशी एक काळी रबरी नळी असते, तिच्यातून वायरी मागे जातात. डिकी हजार वेळा उघड-बंद करून आतली एक वायर तुटली होती. डिकी वर केली की तिची दोन टोकं एकमेकांना टेकायची, खाली केली की सुटायची. मी मधे नवा तुकडा घालून डाग दिला, टेप गुंडाळली, डिकी बंद केली आणि बटण दाबलं. वायपर फिरला. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरला. मी मोठ्याने हाक मारली, "किल्ली आणा!" चाचणीपुरती किल्ली गाडीला लावलेलीच होती, पण मला ती त्याच्या हातून हवी होती. घरातून उत्तर आलं नाही. म्हटलं, बसला असेल फुगून.

भर दुपार होती. कोहऱ्याचा मागमूस नव्हता, स्वच्छ ऊन पडलं होतं. काचेवर पाणी सोडलं, वायपरने ती लख्ख पुसली. मी रिव्हर्स टाकला आणि मान वळवून मागे बघितलं. रस्त्यापलीकडे नव्या खांबाशी वकीलसाहेब उभे होते आणि हात वर करून मला थांबवत होते. खांब राखायला आले होते बेटे. महिन्याभराचं सगळं माझ्या डोक्यात गेलं. काच खाली केली आणि त्यांच्याच अदबीने त्यांना ऐकवलं, "वकील साहब, घबराइए मत. आज सब साफ़ दिख रहा है. आप बस हट जाइए."

ते हटले नाहीत. हात खाली आला. मग मराठीत आवाज आला, "अगं, मी आहे."

मी ब्रेकवर पाय दाबून धरला. मागे वायपर छान चालू होता. चौतीस वर्षांच्या संसारातला माझा नवरा, सहा फुटांचा, निळ्या स्वेटरमधला, मला पंधरा पावलांवरून ओळखू आला नव्हता. मला मदत करायला उभा होता तो. मला भीती वाटली.

तो खिडकीशी आला. त्याने एक शब्द विचारला नाही, आणि हे त्याचं मोठेपण मी आयुष्यभर मान्य करीन. मी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि मुठीत धरून ठेवली.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "गाडी तुम्ही चालवा."