खाली बघून चढणारी आत्या

पप्पांचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. "आत्या गेली," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, "पडली का?" आता वाटतं, काय हा प्रश्न... पण गेली सात वर्षं आमच्या घरात सगळ्यांच्या मनात तीच एक भीती होती. आत्या जाणार ती कुठल्यातरी डोंगरावरून पडून. प्रत्यक्षात ती दुपारचं जेवण करून कॉटवर आडवी झाली आणि उठली नाही. भेटायला आलेल्यांपैकी दोघांनी तरी मला सांगितलं, "बरं झालं, घरात गेली. त्या डोंगरांवर काय झालं असतं तर?" मी मान हलवली. मला ते पटलं नव्हतं, पण बोलायला जमलं नाही. तीन आठवडे झाले, ते न बोललेलं मनात तसंच आहे, म्हणून लिहायला बसले.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. दिघाशी गावची मुलगी, सरकारी दवाखान्यातली नर्स. लग्न केलं नाही. भिवंडीत आमच्याच मजल्यावर, समोरच्या खोलीत राहायची. निवृत्त झाली तेव्हा तिच्या मधुमेहाला पंधरा वर्षं झाली होती. दोन वेळा इन्सुलिन, आणि तळपायांची जाणीव जवळजवळ संपलेली. डॉक्टर तिला डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवायचे आणि विचारायचे, "लागतंय का?" ती म्हणायची, "तुम्ही सुरू करा, मग सांगते." दोरा केव्हाचा टेकलेला असायचा.

अशा बाईने साठीला आल्यावर डोंगर चढायला सुरुवात केली. अंबाडीपर्यंत एसटी, पुढे मिळेल ती जीप, मग पायी. पिशवीत थर्मास, थर्मासात बर्फ आणि इन्सुलिन, आणि साखर अचानक उतरली तर म्हणून खडीसाखरेची पुडी. सोबत आमच्या खालच्या मजल्यावरच्या नसीम चाची. शुगर त्यांनाही होती. "तेरी आत्या पागल है, और मैं उससे बड़ी पागल," असं म्हणत त्या दर रविवारी सगळ्यात आधी जिन्यात उभ्या असायच्या. पप्पा चिडायचे. "ताई, पाय जाईल एक दिवस. घरात बसून राहा ना." आत्या बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायची, "बसल्या बसल्या गेलेले किती पाय मी वॉर्डात बांधले, सांगू का रमेश? एकेक मोजून सांगते, बस इथे." पप्पा बसायचे नाहीत. गावची बोली तिच्या तोंडात बहुतेक रागातच यायची: "मला मरायचं हाय तवा मरेन. तवर चालू दे."

एकदा ती दिवसभर बुटात चिंचोका घेऊन चालली. घरी येऊन बूट काढला तेव्हा तो टप्पकन फरशीवर पडला, आणि मोजा रक्ताने चिकटलेला. तिला काही कळलंच नव्हतं. त्या दिवशी तिने स्वतःसाठी नियम केला. डोंगरावरून आलं की पाय दुसऱ्या माणसाने बघायचे, कारण आपलेच तळवे आपल्याला नीट दिसत नाहीत आणि दिसले तरी माणूस स्वतःला फसवतो. जखम दिसली तर ती भरेपर्यंत डोंगर बंद. हे काम तिने मला दिलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरातसुद्धा फार बोलायचे नाही. "त्या इंग्लिश शाळेत तोंड जमा करून आलीस गं बाय," ती म्हणाली, "पण बघतेस जाम. ते डोळे तरी माझ्या कामाला लाव."

मग रविवार संध्याकाळ म्हणजे आत्याचे पाय. मोठ्यांच्या पायांना आपण वाकून हात लावतो आणि लगेच सरळ होतो. मी ते पाय मांडीवर घेऊन बसायचे. लोडशेडिंग असलं की एका हातात टॉर्च धरून. टाचा, चवडे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. ती डोळे मिटून बसायची आणि मी एकेक जागा मोठ्याने सांगायचे, वॉर्डातल्या राउंडसारखी. शेवटी ती विचारायची, "मग? पास?"

माहुली गडावर जायचं तिच्या मनात पहिल्यापासून होतं. आमच्या बाजूला सगळ्यात उंच तोच, आणि वर शिरताना लोखंडी शिडी आहे. त्या शिडीसाठी तिने वर्षभर लहान डोंगर केले. अखेर रविवार ठरला. त्याच्या आधीच्या रविवारी तिच्या उजव्या करंगळीच्या खाली मला एक फोड दिसला. डाळीच्या दाण्याएवढा, कडेला काळपट. ती माहुलीच्या जीपबद्दल बोलत होती, नसीम चाचींनी किती अंडी उकडायची त्याचा हिशेब चालला होता. मी दोनदा तोंड उघडलं. मग तिने विचारलं, "पास?" आणि मी म्हटलं, "हो."

माहुली झालीच नाही. शुक्रवारी तिला ताप भरला. पाय सुजला, करंगळी काळी पडली, आणि पुढच्या आठवड्यात ती कापावी लागली.

दवाखान्यात मी तिच्याजवळ एकटी होते तेव्हा सांगून टाकलं. "आत्या, मला दिसला होता फोड." पंख्याकडे बघत ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तीस वर्षं वॉर्डात काढली. खोटं 'हो' म्हणणाऱ्याचं तोंड मला कळतं. पण मला माहुलीला जायचं होतं ना, म्हणून मीपण दुसऱ्यांदा विचारलं नाही. अर्धं तुझं, अर्धं माझं." मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको. जखम भरली की पाय पुन्हा तूच बघायचेस. दुसरं कोणी मला नको."

मला ते काम नको होतं. मी दोन रविवार अभ्यासाचं निमित्त काढून टाळलं. तिसऱ्या रविवारी ती स्वतःच आमच्या घरी आली, पाय टीपॉयवर ठेवला आणि पप्पांच्या समोर म्हणाली, "बघ." पप्पा उठून आत गेले. मी बघितलं. त्या दिवसापासून मी तिला सगळं सांगितलं, खरचटलेलंसुद्धा. त्यापायी तिचे कितीतरी रविवार बुडाले. ती माझ्यावर चिडायची, दोन-दोन दिवस बोलायची नाही, पण नियम कधी मोडला नाही. करंगळी नसल्यामुळे तोल जायचा, म्हणून गच्चीवर खडूने रेघ ओढून त्यावरून रोज चालायची. खालून नसीम चाची ओरडायच्या, "गिरेगी तो मेरे कपड़ों पे मत गिरना, अभी सुखाए हैं!"

पुढे दोन वर्षांनी आम्ही तिघी माहुलीला गेलो. शिडीपाशी आलो तेव्हा वरून उतरणारा एक माणूस तिला म्हणाला, "आजी, खाली बघू नका हं." आत्या म्हणाली, "मला बघावंच लागतं बाबा. बघितल्याशिवाय माझे पाय कुठे हायेत ते मला कळत नाही." आणि ती चढायला लागली. प्रत्येक पायरीला थांबायची, खाली बघायची, पाऊल ठेवायची, पुन्हा बघायची. मधेच एका ठिकाणी खडक इतका पुढे आलेला होता की तिला स्वतःचा उजवा पाय दिसेना. ती तिथे थांबली. मी तिच्या खालीच होते, मला तो पाय दिसत होता. "बाय," ती म्हणाली, "सांग."

मी म्हटलं, "थोडा डावीकडे."

"मोठ्याने बोल. वारा हाय."

मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. डावीकडे, अजून डावीकडे, टेकला नाही, आत्या, टेकला नाही, अजून वर... आता टेकला! खालच्या वळणावरची मुलं वर बघायला लागली. ती एकेक पायरी वर गेली आणि मी एकेक पायरी ओरडत गेले. वर पोचल्यावर तिने खडीसाखर तोंडात टाकली, बूट काढले, आणि दोन्ही पाय माझ्यासमोर लांब केले.

तिच्यानंतर मला वाटलं होतं रविवार मोकळे होतील. गेल्या रविवारी नसीम चाची वर आल्या. आत्याची खोली अजून आवरलेली नाही. त्या तिथेच खिडकीपाशी बसल्या आणि चप्पल काढली. पुढच्या रविवारी बिल्डिंगमधल्या दोघींना घेऊन डोंगरावर जायचं त्यांनी ठरवलं आहे, आत्यासाठी. "देख ले, बेटा," त्या म्हणाल्या. टाचेला चीर होती. बारीक, पण आत ओली.

"चाची, यह भरने तक डोंगर नहीं."

"अरे, ज़रा-सी तो है! और सबको बोल चुकी हूँ मैं."

"ज़रा-सी ही है, अभी."

त्यांनी रागाने चप्पल पायात घातली, भिंतीला धरून उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"बैठो, चाची," मी म्हटलं. "दूसरा पाँव बाकी है."