खोलीत भरलेले कांदे

घर भाड्याने देणाऱ्यांना शहाणपण शिकवायचं, यावर माझी अर्धी चूल चालली. अमरावतीच्या कचेरीसमोर लिंबाखाली चटई टाकून मी अर्ज लिहीत असे. उत्तमराव अर्जनवीस म्हटलं की घरमालक ओळखायचे. भाडेकऱ्याशी गोड बोला, पण चिठ्ठी करून घ्या. सोयऱ्याला खोली देऊ नका, खोलीही जाते अन् सोयराही. छप्पर भाडेकऱ्याने ओरडायच्या आधी पाहा. असलं सांगत बसायचो आणि लोक मान डोलवायचे. पण मी दिलेल्या एका सल्ल्याची मला आजही लाज वाटते. ज्या बाईला तो दिला, ती पंचफुलाबाई गेल्या साली वारली. माझं नाव तिने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

पंचफुलाबाई माळीण. नवरा तरणाच गेला, लेकरू नाही. इतवारा बाजारात भाजीचं दुकान लावून तिने शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला. घेताना मला काडीचं विचारलं नाही. भर आषाढात चिखल तुडवत तीनदा जाऊन आली, पाणी कुठे साचतं ते पाहायला.

"उनाळ्यात तं सारेच पलाट चांगले दिसते, भाऊ," म्हणाली.

चौपन्न साली तिने तीन खोल्या बांधल्या आणि अंगणात विहीर खोदली. ती स्वतः दुकानामागच्या पडवीत राहायची, खोल्या भाड्याने द्यायची.

भाडेकरी निवडायची तिची रीत जगावेगळी. माणूस खोली मागायला आला की ही त्याच्याच घरी जाऊन एक वेळ जेवायची. "ज्याची चूल पाहिली, त्याचं सारं पाहिलं," असं तिचं म्हणणं. मी हसायचो. पण तिचा एकही भाडेकरी कधी कचेरीची पायरी चढला नाही, हेही खरं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात तिची एक खोली रिकामी झाली. देवमन नावाचा माणूस विचारत आला. चांदूर बाजारजवळच्या खेड्यातला, बौद्ध. त्याला अमरावतीत सरकारी कारकुनी लागली होती. त्याची पोरगी शकुन चौथीत पहिली आलेली. खेड्यातली शाळा तिथेच संपत होती, पुढे तिला इथल्या मुलींच्या शाळेत घालायचं होतं. शहरात त्याने नऊ खोल्या पाहिल्या. जात कळली की खोली 'कालच दिली' व्हायची.

पंचफुला आपल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोच्या, सत्यवतीच्या, हातची भाकर अन् पिठलं खाल्लं, पोटभर. आणि येताना सांगून आली, "खोली तुमची. शाळा सुरू व्हाच्या आंधी या."

झालं! ही खबर तिच्या दुसऱ्या भाडेकऱ्याला, कापसाच्या जिनिंगमधल्या भगवंतरावांना लागली. विहीर एक. ते म्हणाले, ते लोक पाणी भरणार असतील तर आम्ही दोन्ही बिऱ्हाडं सोडून जातो. पंचफुला घाबरली आणि माझ्याकडे आली.

"मले काई सुचून नाई राहिलं, भाऊ. जबान देली. आता खोटं कसं बोलू?"

मला काय अवदसा आठवली कोण जाणे! मी म्हणालो, "खोटं बोलू नका. तुमच्या घरी कांदे आले आहेत ना? ते खोलीत भरा. भरलेली खोली कोणाला देता येत नाही. खोटं काय त्यात?"

आणि वर आपल्याच अकलेवर खूश होऊन हसलो.

ठरल्या दिवशी देवमन बैलगाडीत बिऱ्हाड घालून आला. भांडी, गादी, शकुनची पाटी-दप्तराची पिशवी. दार उघडलं तर आत छातीपर्यंत कांदे. पंचफुला खाली बघून म्हणाली, "जागाच नाई राहिली हो." देवमन गाडीकडे वळला. सत्यवती मात्र म्हणाली, "बाई, कांद्याइले शायेत जाचं आहे का?"

गाडी तशीच परत गेली. देवमन एका सोबत्याच्या ओसरीवर राहून नोकरी करू लागला. मायलेकी खेड्यात राहिल्या.

दिवाळीनंतर पंचफुला भाजी घ्यायला चांदूर बाजारला गेली आणि परतली ती थेट माझ्या चटईवर येऊन बसली.

"पोरगी पराटीत कापूस वेचून राहिली, भाऊ. बायाइच्या रांगेत."

"सगळ्याच वेचतात," मी खेकसलो. मनातून चरकलो होतो, म्हणून खेकसलो.

"जिच्या मायच्या हातची भाकर खाल्ली, तिचीच शाया मी बुडवली. मले घास गियवत नाई." आणि ती बाई रस्त्यात पदर तोंडाला लावून रडली.

तिने खोली रिकामी केली, सारवली, आणि मला चिठ्ठी लिहायला सोबत घेऊन सत्यवतीच्या दारी गेली. सत्यवतीने किल्ली घेतली नाही.

"खोली घेईन. पण उपकार म्हणून नाई. त्या दिवशी काहून देली नाई, ते तुमच्या विहिरीवर साऱ्याइसमोर सांगा."

पंचफुला एका शब्दानेही आढेवेढे न घेता 'हो' म्हणाली.

रविवारी सकाळी सगळे विहिरीवर जमले. पंचफुला उभी राहिली. "खोली रिकामी होती. याइची जात पाहून मी कांदे भरले. याइच्या घरची भाकर खाऊन भरले. चुकली मी. आता हे इथं राहतीन आन् याच विहिरीवर पानी भरतीन. ज्याले पटत नसन, त्यानं खुशाल जावं."

भगवंतराव उसळले, "हे कांद्याची अक्कल तुमाले देली कोनं?"

"कोन देईन? माहीच."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चार हात अंतरावर उभा होतो. 'मीच सांगितलं' एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्यांसाठी हजार अर्ज लिहिले मी, पण स्वतःच्या तोंडून दोन शब्द निघाले नाहीत. घसा खाकरला अन् चिठ्ठीची घडी केली. भेकड साला!

भगवंतराव आठ दिवसांत गेले, दुसरं बिऱ्हाड मात्र राहिलं. त्यांची खोली दोन महिने पडून राहिली. पंचफुलाने त्याचा कधी उल्लेख केला नाही.

जूनमध्ये देवमन शकुनला घेऊन माझ्याकडे आला. मधलं वर्ष का गेलं, त्याचं कारण शाळेने लेखी मागितलं होतं.

"तुमीच लिहा, साहेब. तुमाले बराबर लिहिता येते."

टाक दौतीत बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. मग लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे मुलीचे एक वर्ष वाया गेले.'

शकुन वाकून वाचत होती. म्हणाली, "काका, आमच्या घरी तं काईच अडचन नोती."

"तसंच लिहा लागते, बाई," देवमन तिला दटावून म्हणाला आणि खिशात हात घालू लागला. मी त्याला पैसे देऊ दिले नाहीत. त्याने दोन्ही हात जोडले, लेकीलाही माझ्या पाया पडायला लावलं. मी भला माणूस आहे असं समजून ते दोघं शाळेकडे गेले.