सूचकाविना उमेदवार नाही

आमच्या गावी, खोडदला, विकास सोसायटीच्या निवडणुकीत उमेदवार स्वतःबद्दल बोलत नाही. सूचक उठून त्याचे गुण सांगतो आणि उमेदवार सतरंजीकडे बघत बसतो. स्वतःच्या तोंडानं स्वतःची कीर्ती सांगणाऱ्याला खोडदमध्ये कुणी दारात उभं करत नाही.

पुढे मंचरला मी इंटरनेट केंद्र चालवत होते. इंटरनेटवरचे पत्ते कुणाला आणि कोणत्या नियमानं द्यायचे, हे ठरवणाऱ्या आशियातल्या एका समितीचं अध्यक्षपद रिकामं झालं. आमच्यासारख्या गावांची बाजू तिथं मांडायला कुणीच नव्हतं. ती जागा मला मनापासून हवी होती. अर्जात सूचकाचं नाव मागितलं होतं, तेव्हा मी बिनदिक्कत चुलत्यांचं घातलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

मुलाखत फोनवर होती. इस्त्रीची टोपी घालून अण्णा शेजारी येऊन बसले. स्वतःविषयी सांगा, असं पलीकडून म्हणताच मी इंग्रजीत म्हटलं, ते माझे सूचक सांगतील. सूचक कशाला, असं पलीकडून एकानं विचारलं. तिथं सूचक म्हणजे नुसती सही, हे मला तेव्हा कळलं आणि लाजेनं कान तापले. पण कुणीतरी हसून म्हणालं, बोलू द्या त्यांना.

मग अण्णा मराठीत बोलले, मी इंग्रजीत सांगत गेले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आकाशातले बारीकसे संकेत टिपतात. नव्वदच्या दशकात गावातल्या टीव्ही-बूस्टरांमुळे त्यात खरखर येऊ लागली. अण्णांनी सांगितलं, हिनं आधी आपल्या घरचा बूस्टर काढला, मगच दुसऱ्यांच्या दारी गेली. टीव्हीवरचं चित्र धुरकट झालं, तरी घरं बूस्टर काढायला तयार झाली.

एका बाईंनी विचारलं, ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं काय केलं?

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“एक जण आयकत नव्हता. हिला लई बोलला. ही चा पिऊन गेली, न् दुसऱ्या दिशी परत आली. तसंच रोज. आवाज काय चढवला न्हाई.” माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, “त्यो मीच व्हतो. हे बी सांग त्यांना.”

मी तेही इंग्रजीत सांगितलं.

निवड झाली. बैठकीत कुणी अडून बसलं, की अजूनही मी वाद घालत नाही, दुसऱ्या दिवशी परत फोन करते.